जाळीवरचा माणूस

१

दुकान उघडलं की मी आधी तराजू पुसायची. छताच्या तुळईला लोखंडी आकडा होता, त्याला तो कायमचा टांगलेला. दोन्ही पारडी ओल्या फडक्यानं पुसायची, दांडी थांबेपर्यंत उभं राहायचं, काटा मधोमध आला की मग पहिलं गिऱ्हाईक. माझे सासरे हणमंतप्पा असतानाचा हा रिवाज. ते गेल्यावर बेंबळीच्या पेठेतलं ते किराणा दुकान मी एकटीनं चालवलं. तराजूला बाईमाणूस बसलेलं लोकांना आधी खटकलं, मग सवय झाली. माझ्या मापाबद्दल कधी कुणी शब्द काढला नाही.

माझे यजमान इरण्णा तेव्हा लढाईवर होते. त्यांचं नाव मी आता घेते, तेव्हा घेत नव्हते. बेचाळीस साली वडिलांशी कडाक्याचं भांडण करून ते सोलापूरला निघून गेले. आमचं गाव निजामाच्या राज्यात, सोलापूर म्हणजे इंग्रजांचा मुलूख, तिथं भरती चालू होती. ज्या माणसानं गावच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, त्याला त्यांनी जहाजावर खलाशी म्हणून घेतलं. चार वर्षं. वर्षाकाठी दोन पत्रं यायची, त्यातल्या निम्म्या ओळी कुणीतरी काळ्या शाईनं खोडलेल्या.

सेहेचाळीस साली, शिमग्याच्या आठ दिवस आधी, ते परत आले. ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "करोडगिरीच्या नाक्यावर जकातवाल्यांनी पेटी उपसून बघितली, म्हणून उशीर झाला." जसं काही सकाळीच बाजाराला गेले होते. वाळले होते, काळवंडले होते, पण हातपाय धड होते. मला एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या मागं, पोत्याला टेकून बसले. द्वारकाबाई शेरभर तूरडाळ न्यायला आली. मी पारड्यात माप ठेवलं आणि दांडी थांबायची वाट पाहिली.

दांडी थांबेना.

वारा नव्हता. डावं पारडं सावकाश खाली गेलं, तिथं जरा राहिलं, मग तसंच सावकाश वर आलं आणि उजवं खाली गेलं. हात लागून पारडं हललं तर ते झटक्यानं हलतं आणि लहान लहान होत थांबतं. हे लहान होत नव्हतं. मी मनात मोजलं. एकीकडून दुसरीकडं जायला पाच श्वास.

"शिवकांता," द्वारकाबाई म्हणाली, "हात का कापायलाय तुझा आज?"

माझा हात तराजूला लागलेलाच नव्हता.

२

मी भिणारी बाई नव्हते. वजनकाट्याला बसणाऱ्या माणसाला कारण शोधायची खोड असते. तुळई खचली असेल, उंदरांनी पोखरली असेल, म्हणून मी महारुद्र गवंड्याला बोलावलं. त्यानं शिडी लावली, तुळई ठोकून पाहिली, आकडा ओढून पाहिला.

"अक्का, ही तुळई तुमच्या नातवंडांच्या बी पुढं जाईल," तो म्हणाला.

इरण्णा तेव्हा मळ्याकडं गेले होते आणि तराजू अगदी गप्प होता. महारुद्र शिडी खांद्यावर टाकून निघाला आणि इरण्णा दारातून आत आले. त्यांनी पायातली पायताणं काढली. माझ्या डोळ्यांदेखत डावं पारडं खाली जाऊ लागलं.

माणूस घरात आल्यानं तराजू हलत नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी आणखी एक करून पाहिलं. ते जेवायला बसले तेव्हा स्वैपाकघराच्या फरशीवर परात ठेवली आणि तिच्यात पाणी ओतलं. पाणी आधी सपाट राहिलं. मग चुलीकडच्या अंगाला चढलं, चढत चढत काठाला लागलं, थोडं सांडलं. मग तिकडून उतरून दाराकडच्या काठाला चढायला लागलं. परात जागची हलली नव्हती. मी दोन्ही हातांनी ती दाबून धरली होती. तळव्यांना फरशी थंड आणि घट्ट लागत होती.

इरण्णांनी भाकरी खाली ठेवली.

"तुला बी कळतंय व्हय?" ते म्हणाले.

मी परात सोडली नाही.

"मला वाटलं, मला एकट्यालाच. जहाजावरनं उतरल्यावर महिनाभर जमीन हालल्यासारखी वाटती, असं सगळेच सांगतात. मला जहाज सोडून बंदरावरच्या कामाला लावलं त्याला वरीस होत आलं." त्यांचा आवाज खाली गेला. "पण तुला दिसायला नको हुतं."

मला सगळ्यात भीती कसली वाटली असेल तर त्यांच्या त्या वाक्याची. मी परात उचलून पाणी मोरीत ओतलं आणि त्यांना आणखी भाकरी वाढली.

३

त्या दिवसापासून ते मला जहाजाचं सांगू लागले. एकदम नाही. मी डाळ निवडत बसले की एखादी गोष्ट, तूप कढवताना एखादी.

त्यांचं जहाज तोफांचं नव्हतं. फौज उतरवायचं होतं. लांबून पाहिलं तर साधं माल वाहणारं वाटावं, पण पोटात हजारभर जवान आणि दोन्ही अंगांना टांगलेल्या चपट्या होड्या. शत्रूच्या किनाऱ्यापासून चार-पाच कोसांवर जहाज उभं राहायचं. होड्या पाण्यात सोडायच्या. मग जहाजाच्या अंगावरून जाड दोरांची जाळी खाली टाकायची, आणि जवान पाठीवर ओझं, खांद्याला बंदूक घेऊन त्या जाळीवरून होडीत उतरायचे.

"उभा दोर धरायचा, आडवा न्हाय," ते म्हणाले. "आडवा धरला की वरच्याचा बूट बोटांवर येतो. लई जणांची बोटं मोडली. म्या दर माणसाला सांगायचो, उभा धर रं बाबा, उभा."

"तुम्ही काय करायचा?"

"कठड्याला उभा राहायचो आन मोजायचो. एका होडीत तीस. तीस झाले की हात वर करायचा. होडी सुटायची, दुसरी यायची."

ते सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि तिथंच राहिला. मी डाळीत मान घातली. बऱ्याच वेळानं वर पाहिलं तर हात अजून तसाच होता, आणि ते मागच्या भिंतीकडं पाहत होते.

"अवो," मी म्हणाले, "खाली घ्या की हात."

त्यांनी हाताकडं पाहिलं. दुसऱ्या हातानं धरून तो खाली घेतला.

४

चैत्र लागला आणि आवाज सुरू झाला.

आमचं घर माळवदाचं. पुढं दुकान, मधे माजघर, मागं स्वैपाकघर. वर मातीचं सपाट छत, त्याला चारी बाजूंनी हातभर कठडा. मागच्या भिंतीपलीकडं कुणाचं घर नव्हतं. बाभळी आणि मोकळं रान. दुपारी पेठ सुस्तावली की मी स्वैपाकघरात जरा आडवी व्हायची.

त्या दुपारी मागच्या भिंतीतून दोर ताणल्याचा आवाज आला. विहिरीवर मोटेचा सोंदूर, म्हणजे दोर, भरल्या मोटेनं करकरतो तसा. मग थांबून एक ठोका, जड आणि पोकळ. लोखंडावर बूट आपटल्यासारखा. आमच्या भिंतीत लोखंड नव्हतं. दगड आणि पांढरी माती.

मी उठून घराला वळसा घालून मागं गेले. रखरखीत ऊन. बाभळीखाली कुणाची तरी शेळी. भिंत कोरडी, तापलेली. मी तिच्यावर तळवा ठेवला तर भाजला. कान लावला तर काही नाही. परत आत आले, आणि आतून मात्र ऐकू येत होतं. कर्र. ठोका. मग धाप. कुणीतरी तोंड उघडं टाकून दम घेत होतं, जमिनीलगत, माझ्या पायाच्या उंचीवर.

मी स्वतःला सांगितलं, घूस असेल. दुसऱ्या दिवशी सांगितलं, ऊन तापल्यावर भिंती वाजतात. तिसऱ्या दिवशी काही सांगता आलं नाही, कारण आवाज आता जमिनीलगत नव्हता. चुलीच्या उंचीला होता. चार दिवसांनी कोनाड्याच्या उंचीला. शेजारच्या शांतम्माला मी मीठ द्यायच्या निमित्तानं आत बोलावलं, ऐन आवाजाच्या वेळी भिंतीपाशी बसवलं. ती सुनेच्या तक्रारी सांगत राहिली. तिला काही ऐकू आलं नाही. पण उठताना ती भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "चक्कर आल्यावाणी झालं बाई. ऊन लागलं वाटतं."

आवाज माझ्या खांद्याला आला. मग कपाळाला. मग मला मान वर करून ऐकावं लागायला लागलं.

त्या दिवशी इरण्णा दुकान उघडं टाकून आत आले. माझ्याशेजारी उभे राहून त्यांनीही मान वर केली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"कोण हाय?" मी विचारलं.

"जाळीवर एक माणूस राहिलाय," ते म्हणाले.

मग खाली बसून त्यांनी सगळं सांगितलं. ब्रह्मदेशाचा किनारा, पाऊस, फुगलेला समुद्र. जवानांत सोनारीचा एक होता, बलभीम. परांड्याच्या बाजूचा, म्हणजे आपल्याच मुलखातला. इरण्णांचं बोलणं ऐकून तो आपणहून ओळख काढत आला होता. चार दिवस दोघं रोज बोलत होते, गावाकडचं, ज्वारीचं, त्याच्या आईचं. उतरायच्या दिवशी इरण्णांनी मोजलं, तीस झाले, हात वर केला, होडी सुटली. होडीत एकोणतीसच होते. तिसावा अजून जाळीवर होता, आणि तो बलभीम होता.

"जहाज कलंडलं का जाळी भिंतीपासनं सुटून लांब झुलायची, परत येऊन आपटायची. त्यानं वर बघितलं. 'इरण्णा, हात द्या' म्हणाला. ओरडला बी न्हाय. नुसतं म्हणाला."

"मग?"

"म्या वाकलो. पर त्याच्या पाठीवर ओझं हुतं. वाटलं, हा मला घिऊन जाईल." त्यांनी तळवा मांडीला पुसला. "जहाज दुसऱ्या अंगाला कललं. परत सरळ झालं तवा जाळी मोकळी हुती. साहेबानं विचारलं, किती गेले? म्या म्हणालो, तीस."

वर, कठड्याच्या जरासं खाली, दोर करकरला.

५

पुढच्या दुपारी मी पापड वाळत घातले होते ते उलटायला जिन्यानं वर गेले, तर इरण्णा आधीच माळवदावर होते. मागच्या कठड्यावर पोट टेकून, अर्धे बाहेर झुकून. उजवा हात खाली सोडलेला.

"उभा दोर धर, बलभीमा," ते म्हणत होते, अगदी समजुतीनं, लेकराला सांगावं तसं. "आडवा नगं. ह्यो बघ माझा हात. घे. घे रं."

आणि ते एकदम हिसका बसून पुढं गेले.

मी पापड तुडवत धावले. त्यांच्या कमरेला मिठी मारली, पाय कठड्याच्या बुडाला रोवले. शेरापासून पोत्यापर्यंत वजन मला हातानं कळतं. त्यांच्या अंगातून जे ओझं माझ्या हातांत आलं ते त्यांचं एकट्याचं नव्हतं. एक पुरा माणूस होता, आणि वर भिजलेलं काहीतरी. कठड्याची माती माझ्या गुडघ्याखाली ढासळायला लागली. इरण्णा बोटाबोटानं सरकत होते. ते ओरडत नव्हते. त्यांना जायचंच होतं की काय, हे मला अजून माहीत नाही.

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

त्यांचा हात कोपरापर्यंत उन्हात होता. कोपराच्या खाली सावली होती. डोक्यावर सूर्य असताना तिथं सावली पडायला काही नव्हतं. त्या सावलीतून दुसरा एक हात वर आला होता आणि त्यानं इरण्णांचं मनगट धरलं होतं. पांढरा, फुगलेला, दिवसभर धुणं धुतल्यावर कातड्याला पडतात तशा सुरकुत्यांचा. त्याच्यापलीकडं मी पाहिलं नाही.

मी एका हातानं कंबर धरून ठेवली आणि दुसऱ्या हातानं ती बोटं सोडवायला लागले. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. बर्फासारखी गार होती. त्या बोटांनी मला ओरबाडलं नाही, माझ्यावर जोर केला नाही. ती फक्त धरून होती. तिसरं बोट उचकटलं तेव्हा खालून धापांचा आवाज थांबला. कुणीतरी माझ्याकडं पाहतंय हे मला डोळे मिटलेले असतानाही कळलं. चौथं बोट मी डोळे मिटूनच सोडवलं.

ओझं गेलं. आम्ही दोघं माळवदावर उताणे पडलो. खाली काही पडल्याचा आवाज आला नाही.

इरण्णांचे डोळे घट्ट मिटलेले होते. छाती वरखाली होत होती.

"आला का वर?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. चार वर्षं वाट पाहून मिळालेला माणूस.

"आला," मी म्हणाले.

ते रडायला लागले. इतकं मोकळं रडताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

६

त्यानंतरचे पंधरा दिवस इरण्णा वेगळेच होते. पोटभर जेवायचे. गिऱ्हाइकांची थट्टा करायचे. तराजूला स्वतः बसायचे आणि काटा मधोमध येऊन थांबायचा. एके दिवशी ते माल आणायला धाराशिवला गेले, तेव्हा मी माझ्या जागेवर बसले. पारडी पुसली. दांडी थांबायची वाट पाहिली.

डावं पारडं सावकाश खाली गेलं.

मी दोन्ही पारडी हातांनी धरून तशीच बसून राहिले, गिऱ्हाईक येईपर्यंत. दुपारी स्वैपाकघरात गेले नाही. पण आवाज माजघरातही आला. पुन्हा जमिनीलगत, पहिल्यापासून. दोर, ठोका, धाप. इरण्णा परत आल्यावर मी मुद्दाम त्यांना तिथं बसवून चहा दिला. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांना ज्यातून मी सोडवलं होतं, त्यात आता मी होते.

आणि त्यांच्या मनानं दुसरंच घेतलं. "सोनारीला जाऊन त्याच्या आईला सांगायला पायजे," ते म्हणायचे. "तिला सरकारी कागद आला असंल, बेपत्ता म्हणून. तिला कळाया नगं, का त्यो वर आला?"

मी तब्येतीचं निमित्त काढलं, उन्हाचं काढलं, दुकानाचं काढलं. शेवटी ते म्हणाले, "तू न्हाय आलीस तर म्या एकटा जातो." एकटं मला जाऊ द्यायचं नव्हतं. मोटारीनं आम्ही भूमपर्यंत गेलो, तिथून बैलगाडीनं सोनारी. सगळ्या वाटेत मी गाडीच्या साट्याला धरून बसले होते. गाडीवान म्हणाला, "वाट तर सपाट हाय की, अक्का."

बलभीमची आई कडूबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. साठीची, हाडापेरानं मजबूत बाई. इरण्णांनी नाव सांगितलं, जहाजाचं सांगितलं, आपण हात दिला नाही तेही लपवलं नाही. मग बेंबळीच्या माळवदावरचं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल, आम्हाला वेडं ठरवून हाकलून देईल. तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी वर आला माझा बलभीम," ती म्हणाली.

"आला, मावशी. हिनं बघितलं. माझे डोळे मिटलेले हुते."

कडूबाई माझ्याकडं वळली.

"मग आता कुठं हाय त्यो?"

एवढा साधा प्रश्न इरण्णांनी पंधरा दिवसांत मला विचारला नव्हता. स्वतःलाही विचारला नसावा. आता तेही माझ्याकडं पाहायला लागले.

मी सांगितलं. करंगळीपासून चौथ्या बोटापर्यंत सगळं सांगितलं. इरण्णांकडं मी पाहिलं नाही. कडूबाईकडंच पाहत राहिले.

तिनं सुपातली ज्वारी हातानं सारखी केली. मग म्हणाली, "नवऱ्याला सोडायला पायजे हुतं, असं म्या कशी म्हणू तुला? माझा नवरा असता तर म्या बी बोटं उचकटली असती." तिनं गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. "पर त्यो माझा ल्योक हाय. अजून येतंय का ऐकू?"

"येतंय," मी म्हणाले. "भूममधी बी आलं. आता छातीच्या उंचीला हाय."

"मग मला घिऊन चल," कडूबाई म्हणाली. "तिथं पोचायच्या आत त्यो वर याया नगं."

परतीच्या वाटेत इरण्णा माझ्याशी एकदाच बोलले. बेंबळीच्या अलीकडं, हळू आवाजात. "तू मला धरलंस," ते म्हणाले. रागानं की कसं, ते मला ओळखता आलं नाही.

७

आम्ही पोचलो त्याच्या तिसऱ्या दिवशी आवाज कठड्याशी आला. मी सांगायच्या आधीच कडूबाईनं पदर कमरेला खोचला. ती काय ऐकत होती ते मला माहीत नाही, पण जिन्याच्या पायऱ्या चढताना तिनं दोन्ही हातांनी भिंतींचा आधार घेतला.

ऊन असं होतं की माळवदाच्या मातीवर पाय ठरत नव्हता. ढासळलेली जागा इरण्णांनी दगड लावून नीट केली होती. कडूबाई तिथं गुडघ्यांवर बसली आणि वाकली. तिच्या डाव्या अंगाला इरण्णा, उजव्या अंगाला मी. ठरलं असं होतं की दोघांनी तिला धरायचं आणि ती सांगेल तेव्हाच ओढायचं.

"बलभीमा," तिनं हाक मारली. शेतावरून जेवायला बोलवावं तशी. "मी हाय. ये."

तिनं हात खाली सोडला. दोर करकरला. मग तिचा खांदा एकदम खाली ओढला गेला आणि ती म्हणाली, "गावला. ओढा."

आम्ही ओढलं. मागच्या वेळेइतकंच ओझं, पण या वेळी तिघांचे हात होते. माळवद एका अंगाला कलत होतं, परत सरळ होत होतं, आणि आम्ही कललं की धरून राहायचो, सरळ झालं की ओढायचो. जहाजावर असंच करतात, हे इरण्णांनी न सांगताच आम्हाला कळलं होतं. माझ्या नाकात खारट, कुबट वास शिरला. मी समुद्र कधी पाहिला नाही, अजूनही नाही.

मी कठड्याकडं पाहणार नव्हते. ते मी आधीच ठरवलं होतं. मी कडूबाईच्या तोंडाकडं पाहत होते. एका तळहाताच्या अंतरावर तिचं तोंड होतं, घामानं निथळलेलं, दात घट्ट दाबलेले. मग ते सैल झालं. डोळे मोठे झाले. वर आलेल्या माणसाकडं ती पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

काहीतरी गार आणि ओलं माझ्या पाठीला घासून गेलं. माझ्यावर सावली पडली आणि सरकली. जिन्याच्या लाकडी पायऱ्यांवर एकेक जड पाऊल वाजत खाली गेलं. मग माजघरातून, मग दुकानातून. दुकानाचं दार करकरलं. पेठेत कुत्री भुंकली आणि गप्प झाली.

मी अजूनही कडूबाईकडंच पाहत होते. तिची मान पावलांच्या मागं वळली होती. आनंद तिच्या चेहऱ्यावरून एकदम गेला नाही. हळूहळू गेला, आधी ओठांवरून, मग डोळ्यांतून.

"काय झालं, मावशी?" इरण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज फाटला होता.

"लई ल्हान हुतं," ती म्हणाली. "सतरा-अठराचं. कुण्या मुलखातलं कुणास ठावं." तिनं ओलं मनगट लुगड्याला पुसलं. "त्यो माझा न्हवता."

खालून, भिंतीच्या त्या अंगानं, दोर करकरला. मग त्याच्या जरा खाली दुसरा. मग आणखी एक. इतके, की मला ते एकमेकांपासून वेगळे करता येईनात.

कडूबाईनं ते ऐकलं. इरण्णांनीही ऐकलं, कारण त्यांनी डोळे मिटले. कडूबाईनं पदर पुन्हा घट्ट खोचला. मग कठड्यावर पुन्हा पोट टेकलं.

"धरा मला," ती म्हणाली, आणि हात खाली सोडला.